गळ्याशी आलेली माती

सुरंगी आजारी आहे
हे आधी मधमाशांना कळलं.
फाल्गुनात आल्या, दोन फेऱ्या घातल्या,
आणि शेजारच्या काजूवर निघून गेल्या.
मला कळायला अजून दोन वर्षं लागली.
शेंड्याकडून वाळत उतरणाऱ्या फांद्या,
पानं विरळ, होती तीही पिवळी,
मुकी.

मी फवारलं. वेंगुर्ल्याहून
निळ्या डब्यातलं औषध आणलं, महागातलं.
झाडाने अंगाला लावून घेतलं नाही.

पास्कू डिसोजा तीस वर्षं विहिरी खणायचा.
आता गुडघे गेले,
म्हणून मुळांपर्यंतच खणतो,
असं स्वतःच सांगून हसतो.
आला, तो वर बघितलंच नाही.
चपला काढून बुंध्याशी बसला,
खोडावरून हात खाली खाली नेला
जिथे खोड मातीत शिरतं तिथवर,
आणि विचारलं,
"हेचे पाय खंय आसत?"

खरंच. झाड विजेच्या खांबासारखं
सरळ जमिनीत घुसलेलं.
बुंध्याला पसरट पाय असतात
हे जन्मभर बघत आलो,
ते नाहीसे झाले हे मात्र दिसलं नाही.

मग सांगावंच लागलं.
पाहुण्यांच्या गाड्यांसाठी खळं उंच केलं.
सहा डंपर जांभ्याचा चुरा, वरून रोलर.
रोलरवाल्याने विचारलं होतं,
झाडाजवळून फिरवू?
मी म्हटलं होतं, फिरव की.

पास्कूने पिकावाला हात लावू दिला नाही.
बोथट खुरपं, हिरांचा खराटा, आणि नखं.
पहिल्या दिवशी एक वीत.
दुसऱ्या दिवशी वास सुटला,
झाकून विसरलेल्या पेजेसारखा आंबट.
साल काळी, ओली,
बोटाला लागून येणारी.

तिसऱ्या दिवशी ते सापडलं.
मनगटाएवढं मूळ,
हवा शोधत वर चुऱ्यात आलेलं
आणि वाट न मिळून
स्वतःच्याच खोडाभोवती फिरलेलं.
पोर वाढत गेलं
आणि करगोटा कुणी सैल केलाच नाही,
तसं रुतलेलं.

पास्कूने पटाशी मागितली.
ठोकण्याआधी कपाळाला, छातीला, खांद्यांना बोटं लावली.
मी काजूकडे बघत राहिलो.

संध्याकाळी मी सुक्या मासळीच्या खताचं
पोतं आणलं, मोठ्या मनाने.
त्याने ते उघडूच दिलं नाही.
"दुखणेकऱ्याक कोण सागोती वाढता?
आधी तेका वारो लागांदे."

फांद्यांच्या सावलीची कड धरून
पहारीने भोकं पाडली, बावीस.
त्यांत अर्धवट कुजलेला पाला,
भाताच्या तुसाचा कोळसा,
आणि राईतल्या थोरल्या सुरंगीखालची
ओंजळभर माती.
ती फुकट नेऊ नको, म्हणाला पास्कूच.
म्हणून नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं.
शब्द अडखळले.
देवाकडे माती मागायची सवय नव्हती.

आता गाड्या तिठ्यावर थांबतात.
पाहुणे चाकांच्या बॅगा फरफटत
घाटी चढून येतात, कुरकुरतात.
रोलरवाल्याचा फोन आला,
काही काम आहे का?
म्हटलं, आहे, पण उलटं.
त्याला कळलं नाही, मीही समजावलं नाही.

कळ्या काढणारी केसरबाय शिडी घेऊन आली,
मान वर करून बराच वेळ उभी राहिली,
आणि शिडी परत घेऊन गेली.
काहीच बोलली नाही.
बोलली असती तर बरं झालं असतं.

बुंध्याभोवतीचा खड्डा बुजवायचा नाही, ही ताकीद.
पाला पडला की मी उतरून उचलतो.
काल तसाच वाकलो होतो.
सतराव्या भोकात बोट घातलं, सहज,
ओल आहे का बघायला.
शेवईएवढं काहीतरी लागलं.
पांढरं. थंड.
बोट झटकन मागे घेतलं,
माती होती तशी केली.

घरात अजून सांगितलेलं नाही.