गुण

तापाचे दोन.
पांढऱ्या पेशी उतरल्या, त्याचे तीन.
तोंडातल्या फोडांचे दोन, केस गळण्याचे दोन,
पण दोन्ही एकाच खान्यातले, म्हणून मिळून दोनच.
मी बेरीज पुन्हा केली, बोटांवर,
कॅल्क्युलेटर समोर असूनही.
सात.
ल्युपसच्या अभ्यासात बसायला दहा लागतात.

परामारिबो, मंगळवारची ओपीडी.
पंखा फिरतो, वारा मात्र दारातच अडतो.
आकुबा पान्सा, वय सव्वीस,
वरच्या नदीवरून आलेली, आधी होडी, मग बस,
मांडीवर कसाव्याच्या भाकरीची पिशवी,
शेजारी आई.

डॉक्टर त्यॉन माणूस चांगला.
दिवा जवळ आणून डावा गाल पाहिला, उजवा पाहिला.
पुस्तकातलं चित्र आठवलं असणार,
गोऱ्या गालांवर, नाकावरून पसरलेली लाली.
“लाली नाही,” म्हणाले,
आणि मी त्या चौकटीत आडवी रेघ मारली.
सहा गुणांची चौकट ती.

तेव्हा आई बोलली. आधी मुलीशी, सारामाकातून,
मग माझ्यासाठी स्रानानमध्ये:
“झुस्टर, हिचा काळा बदललाय.
वर पूर आला की खाली नदीचा बदलतो तसा.
सव्वीस वर्षं बघतेय मी हा चेहरा.”

या वाक्याची खूण कुठे करायची?

गेल्या महिन्यात वागियेम आली होती, जावानीज शिंपीण.
मूत्रपिंडाचा तुकडा तपासला, त्याचेच एकट्याचे दहा.
पाच मिनिटांत फॉर्म भरून झाला.
तेव्हा माप खोटं आहे असं मी म्हणणार नाही.
ज्यांनी ते बेतलं त्यांनी रात्री जागवल्या असतील.
पण बेतताना टेप ज्याच्या अंगाला लावली
त्याचे खांदे मापाला पाठ होतात.
बाकीच्यांनी श्वास आत ओढायचा.

माझ्या पणजीचं नाव एका वहीत आहे,
कलकत्त्याला जहाजावर चढवताना लिहिलेलं.
उंची, वर्ण, कपाळावर व्रण.
एवढ्यात एक बाई मावली.
आकुबाचे पूर्वज वहीतून निसटलेले,
मळ्यांच्या याद्या मागे टाकून रानात शिरलेले.
यादीत नसणं, हाच त्यांचा जीव होता.
आणि त्यांच्या या लेकीचं नाव
यादीत लागावं म्हणून मी बोटं मोजत बसलेय.

मी तिला खिडकीशी नेलं.
दिवा नको, तिरपा उजेड.
बोटाच्या पेराने गाल चाचपला.
एक कड हाताला लागली, किंचित उचललेली,
काळ्यात जांभळी,
नाकाकडून ओठांकडे जाणारी घडी तेवढी सोडून.
डॉक्टरांना हाक मारली. ते बराच वेळ पाहत राहिले.
“असेल,” म्हणाले.
‘असेल’ला गुण नाहीत.
मग खुर्चीत बसत, माझ्याकडे न बघता,
“फॉर्म अभ्यासासाठी असतो, झुस्टर. औषधाला फॉर्म लागत नाही.”
आणि गोळ्या लिहिल्या.

ऑगस्टात ती परत आली. ताप नाही.
कपाळाच्या कडेला केसांची कोवळी लव.
औषधाला गुण आला होता,
सातातला की दहातला, कोणी विचारलं नाही.
भाकरीची पिशवी या वेळी माझ्यासाठी होती.

अभ्यासाचा निकाल वर्षभराने लागेल.
त्यात असेल, की मोजमाप सगळ्या गटांत चोख चाललं.
चालणारच. बसले त्यांच्यावरच तर मोजलं.
आकुबा त्या तक्त्यात नाही,
चुकलेल्यांच्या रकान्यातही नाही.

बाद फॉर्म फाडायचे असतात.
तिचा मी उलटा केला, कोऱ्या बाजूला
पेन्सिलीने लिहिलं आई म्हणाली ते, तारीख टाकून.
हिचा काळा बदलला होता.

आता दर मंगळवारी
दिवा लावायच्या आधी
मी खुर्ची खिडकीशी ओढते,
आणि सोबत जी कोणी आली असेल तिला विचारते,
हा चेहरा एरवी कसा असतो?