पाटीवरचा मोठा K

सुभान तडवी शिडीवर.
वजनकाट्याच्या नव्या पाटीवर त्याने काढला
वीतभर उंचीचा K
आणि त्याच्या पोटाशी छोटासा g.

मी केबिनमधून ओरडले, भाऊ, k लहान हवा.
तो म्हणाला, ताई, एवढुसा काढला तं
रावेर रोडवरून ट्रकवाल्याले दिसीन का?

खरं होतं त्याचं.
पण कॉलेजात आमच्या प्रयोगशाळेत
सुपडू नेहेते नावाचे परिचर होते,
सरांपेक्षा जास्त त्यांनी शिकवलं, बाटल्या पुसता पुसता.
म्हणायचे, पोरी, चिन्हात मोठं अक्षर मिळवायला
आधी माणूस असावं लागतं,
आणि मग आपलं नाव मोजमापाला द्यावं लागतं.
तरी पूर्ण नाव लिहिताना पुन्हा लहानच.
न्यूटन, पास्कल, सगळे
पंगतीत मांडी घालून बसल्यासारखे.

व्होल्टाचा शेवटचा काना गळाला, व्होल्ट उरला.
फॅरडेचा डे गेला.
ओहमचा O शून्य वाटेल
म्हणून ग्रीकांकडून घोड्याची नाल आणली.

आणि सुपडू? आम्ही विचारायचो.
आधीची दोन गेली होती, ते सांगायचे,
म्हणून मला सुपात घालून अंगणभर ओढलं.
मरणाला वाटावं, पाखडून टाकलेलं फोल आहे हे.

मग आम्ही ठरवलं: एक सुपडू म्हणजे
थर्मामीटर फुटल्यापासून
नेहेतेभाऊ रागावेपर्यंतचा वेळ.
दोन वर्षांत एकही सुपडू पूर्ण भरला नाही.

तर मोठा K म्हणजे किलो नाही, केल्विन.
म्हणजे सुभानच्या पाटीप्रमाणे
सावद्याचा हा काटा नुसती केळी जोखत नाही,
केळीला लागलेलं ऊनही जोखतो.
बाहेर सेहेचाळीस होतं.
मी मनात दोनशे त्र्याहत्तर मिळवले: तीनशे एकोणीस.
केल्विनला अंशाचं टिकलीएवढं वर्तुळ लागत नाही,
कपाळावरचा घाम पुसावा तसं ते पुसलं.

ट्रक काट्यावर चढला. घडांवरची पानं करपलेली.
ड्रायव्हर उतरून माठाकडे गेला.

नेहेतेभाऊ एकदा म्हणाले होते,
केल्विन हे मुळात माणसाचं नावच नाही.
तिकडे थंड देशात एक लहानशी नदी,
विद्यापीठाच्या पायथ्याने जाणारी.
तिथल्या प्राध्यापकाला उमरावकी मिळाली
तेव्हा त्याने नदीचं नाव लावलं,
आणि त्याचं नाव मग तापमानाला लागलं.
त्यांनी तापाला नदीचं नाव दिलं,
आपण नदीलाच तापाचं.
सूर्याला स्वतःचंच ऊन सोसवेना, म्हणून तापी.
फिटंफाट झाली का नाही?

मग भिंग पुसत, माझ्याकडे न बघता:
पण तिचं चिन्ह काय गं, पोरी?

मला आलं नाही.
अजून येत नाही.
हतनूरच्या धरणावर मीटर लिहितात, क्युसेक लिहितात,
ते पाण्याचं. तिचं नव्हे.

सुभान खाली उतरला तो भांडायच्या तयारीनेच.
दुधाच्या टाकीवर मी L काढतो मोठा, कोनी बोलत नाही.
तो लिटरचा, मी म्हटलं,
लहान l एकासारखा दिसतो म्हणून सवलत आहे त्याला.
लिटर नावाचा माणूस कधी नव्हताच.
मंग माणूस नसतानी मोठा चालतो,
तो म्हणाला, आन् माह्या किलोनं काय केलं?

याला उत्तर नेहेतेभाऊंनीच दिलं असतं.

त्याने पाटीच्या कोपऱ्यात सही केली, सुभान.
आपल्या लिपीत मोठं-लहान नाही,
सगळी अक्षरं एकाच रेघेला लोंबकळतात,
दांड्याला फण्या लोंबतात तशी.

मी पावती फाडली. नऊ हजार सहाशे चाळीस किलो.
K राहू दिला.
रंग किती टिकेल, विचारलं.
दोन उन्हाळे, तो म्हणाला,
ब्रश रॉकेलात बुडवत.