डॉक्टरांची वही

कुपवाडच्या ऑफिसात, पंख्यानं पानं उडू नयेत म्हणून
नटबोल्टाखाली दाबून ठेवलेली माझी एक वही आहे.
चौतीस वर्षांची. डॉक्टरांची.
डिग्र्या नाहीत तिच्यात.
मिरजेत डिग्र्यांना काय तोटा,
एकेका जिन्यावर सात-सात पाट्या.

माझ्या नोंदी अशा:
'हाडाचा. हुशार. मालकाच्या पोराबरोबर टेनिस.'
'फोटो बघतो, पेशंट बघत नाही.'
'टक्के कमी लिहितो, पण लिहिल्यावरून हलत नाही.'
आणि एक, लाल शाईत:
'हात सोन्याचा. साक्षीला येत नाही.'

पेशंटनं शोधायचा तो बरं करणारा.
आम्ही शोधायचा तो
ओपीडी बंद ठेवून, तारखेमागून तारीख,
सांगलीच्या कोर्टात बाकावर बसून राहणारा.
दोन्ही एकाच माणसात क्वचित.

हसीना नदाफ आली, तेव्हा आधी हळदीचा वास आला.
पॉलिशच्या ढोलात ओढणी गेली होती, ओढणीमागं हात.
कंपनीच्या डॉक्टरनं रॉड घातला, हाड जुळलं,
कागदावर आलं: 'कामास योग्य.'
त्याच्यापुढं तिला बसावंच लागलं होतं,
मालकानं फुकट तपासणी देऊ केली तर नाही म्हणता येत नाही.
पण तोच शेवटचा शब्द, असं कायद्यात कुठं नाही,
हे मी तिला चहा पाजून सांगितलं.

मग परिशिष्ट उघडलं.
अंगठा, तीस टक्के.
तर्जनी पूर्ण, चौदा. एकच पेर, नऊ.
मार्केट यार्डातल्या भावफलकासारखं मी वाचत गेलो.
हसीनानं स्वतःची बोटं मोजली. पाची होती.
"म्हंजे तुटून पडला असता
तर घावला असता व्हय ह्यात?"
मी पान उलटलं.
पलीकडं कोरं होतं.

मला शीर बघणारं कुणीतरी हवं होतं
आणि वहीत सगळे हाडाचे.
तीन आठवडे विचारत फिरलो.
तंतुवाद्यांच्या दुकानावर, माडीवर,
डॉक्टर होसमनी. नवीन. बाकडं रिकामं.

खाली कुणी तार पिळत होतं,
वर मॅडम दंडापासून करंगळीपर्यंत सुई टोचत चालल्या.
इथं? इथं? इथं?
तिसऱ्याला हसीना गप्प.
"काम काय करायच्या तुम्ही?"
"पाखडायची, मग ढोलावर."
दवाखान्यात सूप कुठलं!
स्टीलचा ट्रे दिला, त्यात गोळ्यांची रिकामी पाकिटं.
म्हणाल्या, पाखडून दाखवा.
दोनदा पाखडलं.
तिसऱ्यांदा ट्रे फरशीवर.
आवाज खालपर्यंत गेला असावा,
तार थांबली.

"मॅडम, कोर्टात याल?"
"किती वेळा?"
हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.
खोटं बोलणार होतो. नाही बोललो.
चार, पाच, जास्तीही, म्हणालो.
त्यांनी कॅलेंडर बघितलं.
बुधवार मोकळा असतो, म्हणाल्या.

पहिल्या बुधवारी त्यांच्या वकिलानं
पगारपत्रकावरची सही आणि अर्जावरची सही
शेजारी शेजारी ठेवली.
"साहेब, सही जुळत नाही. अर्जदार हीच कशावरून?"
मी आवरायच्या आत हसीना उभी:
"जुळंना म्हणूनच आलीया की ओ!"

साहेबांनी पेन खाली ठेवलं.
थोड्या वेळानं उचललं
आणि पुढची तारीख दिली.

परतताना बसमध्ये, मी नको नको म्हणत असताना,
तिनं डाव्या हातानं दोन तिकिटं काढली.

रात्री वही उघडली. नाव लिहिलं.
पुढं काय लिहावं ते बराच वेळ सुचेना.
मग लिहिलं:
'शीर. मिरज. जिना अवघड.
ट्रे पडू दिला, झेलला नाही.
बुधवारी येतात.'