दोन नळ्यांमधली फट

बाहेरची नळी ॲक्रिलिकची, आरपार दिसणारी,
आत स्टीलचा गज.
मधे पाच मिलिमीटर पाणी
चहूबाजूंनी गजाला वेढून,
मनगट आणि बांगडी यांच्यात
उरते तेवढ्याच जागेत.

गज निवृत्ती तिडक्यांनी कातला, लेथवर,
तीनदा. दोनदा मधोमध बाक आला, केसभर.
"मॅडम, पाण्याला केस कळतो," म्हणाले
आणि नवा गज चढवला.
सातपूरच्या प्रेस शॉपमध्ये बावीस वर्षं,
त्यात दोन्ही कान गेले.
माझं बोलणं ते ओठांवरून उचलतात,
पाण्याचं बोटांवरून.

दिवसा काही जमत नाही.
त्र्यंबक रोडवरून ट्रक जातो
आणि इथे फटीतलं पाणी दचकतं.
म्हणून रात्री, दोननंतर.
गंगापूर धरणाचं पाणी टाकीत दोन दिवस निजवलेलं,
जानेवारी, थर्मामीटरवर अकरा.
थंडीत पाणी जाड होतं, भिंतीला धरून चालतं,
वेग वाढवला तरी ओळ मोडत नाही.
निफाडकडे द्राक्षबागांत शेकोट्या पेटल्या असतील.
आम्हाला हीटरची परवानगी नाही:
एक अंश चढला की सगळे आकडे पुन्हा.

परमँगनेटची जांभळी रेघ सोडली.
सरळ.
वेग वाढवला. सरळ.
आणखी. सरळच.
या वेगाला पाणी आपणहून बिघडत नाही,
कुणीतरी डिवचावं लागतं.

सुईतून थेंबभर पाणी आडवं मारलं.
रेघ थरथरली, उसवली, तिचा धूर झाला,
आणि धूर गजाभोवती तिरका चढत गेला
भोवऱ्याला जाळी गुंडाळावी तसा:
पट्टा खळबळीचा, पट्टा शांत,
पुन्हा खळबळीचा,
एकाच पाण्यात, एकाच पंपावर.

काका डोळे मिटून नळीवर बोटं टेकवतात.
"आला," म्हणतात. "गेला."
सेन्सरची रेघ त्यानंतर हलते.

मग बारीक गज, करंगळीएवढा.
फट रुंदावली, आतली भिंत आक्रसली
आणि पट्ट्याला पीळच बसेना.
गुंडाळून घ्यायला आत फारसं काही नाही म्हटल्यावर
खळबळ गोळा होऊन चालू लागली:
एक पुंजका,
मागे बरंच लांब नुसतं पाणी,
मग दुसरा.

वेग उतरवत उंबऱ्यापाशी आणला, वही उघडली.
चौदा: विझला, एकोणीस सेकंद.
पंधरा: विझला, चार.
सोळा: एकाचे दोन झाले.
सतरा: चालतच राहिला, नळी संपली.

किती जगला यावरून
अजून किती जगेल ते सांगता येत नाही.
पुंजक्याला वय नसतं.
हे मी काकांना लिहून दाखवलं,
ओठांवर असलं काही नीट उमटत नाही.
चष्मा कपाळावर सारून त्यांनी वाचलं.
"बरंय त्याचं."
एकतीस तारखेला ते निवृत्त होतायत.
नाव आणि तारीख जुळवून ऑफिसात
सगळ्यांचे विनोद करून झालेत.

चारच्या सुमाराला अठरावा आला.
सुई माझ्या हातात, कोरडी.
टाकी स्थिर, पंप स्थिर,
रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही.
नळीवर काकांची तीन बोटं होती,
त्यांतलं मधलं
बारीक, न थांबता, हलत होतं.

त्यांनी बोटाकडे पाहिलं. मी वहीकडे.
लिहिलं:
अठरा. सुईशिवाय. कारण, ट्रक.
त्यांनी माझ्या खांद्यावरून वाचलं.
ट्रक त्यांना माझ्याआधी कळतो.

एकोणीस: सुईने. अकरा सेकंद.
काकांचे दोन्ही हात
स्वेटरच्या खिशात.