निळी पाण्याला, लाल विजेला

जेसीबी फाटकाशी उभा, तासाचे पैसे चालू.
ड्रायव्हर पन्नीत खर्रा घोटत सावली शोधतोय.
शोषखड्डाच तर खणायचाय, म्हणाला, अर्ध्या तासाचं काम.
मी म्हटलं, थांबा. आधी सेलोकर येऊ द्या.

सेलोकर आला स्कूटीवर, पायांत पिवळी पेटी,
डाव्या अंगठ्याचं नख कोळशासारखं.
मी काही विचारलं नाही. तोच बोलला,
"मानेवाड्यात एक डाव सब्बल हाणली, सिद्धी केबलवर.
तवापासून मी खोदत नाई काकू. आयकतो."

"नकाशा हाये?"
होता. नासुप्रचा, घडीघडीवर फाटलेला.
त्यात रस्ता, गटार, प्लॉट एकशे बारा,
आणि कुंपणाच्या आत नुसती कोरी चौकट.
फाटकाबाहेरचं हापिसाला ठाऊक.
आतलं एकट्या ह्यांना.
त्यांनी ते पावलांत मोजून ठेवलेलं:
पपईपासून तीन, धुण्याच्या दगडापासून सात.
पपई वाळली. दगड मी हलवला.
पावलं तर त्यांच्याबरोबरच गेली.

सेलोकर चालू लागला,
हरवलेली बाळी शोधावी तसा वाकून,
यंत्र मातीपासून वीतभर वर.
आधी रातकिडा, मग एकदम टिटवी.
"रंग द्या काई. फक्की संपली."
दिवाळीच्या उरल्यासुरल्या रांगोळ्या होत्या,
त्याने निळी पाण्याला घेतली, लाल विजेला.
फाटकापासून नळापर्यंत निळी गेली, सरळ.
मीटरपासून मोटरीपर्यंत लाल, जरा वाकडी.
एप्रिलच्या दुपारी माझं अंगण
चुकलेल्या गणितासारखं दिसू लागलं.

"आता मेन पाडा."
पाडला. कूलर घरघरत थांबला, फ्रीज गप्प.
टिटवी गप्प होईना.
तो मागच्या दाराकडे सरकला, मग भिंतीकडे,
निखाऱ्यांच्या भिंतीकडे,
आणि लाल रांगोळी भिंतीला जाऊन टेकली.
"हे कोनाची हाये?"

दाराच्या वर चाळीसचा बल्ब.
सकाळी मालवायचा राहिलेला.
मेन पडलेला, आणि तो जळतोय.

लाइन गेली की सगळं घर काळं व्हायचं, हा तेवढा उजेडात.
दुसरी फेज असेल, म्हणायचे हे.
मी कधी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

घर बांधताना आम्हाला मीटर मिळेना,
तेव्हा तराईची मोटर निखाऱ्यांच्या विजेवर चालली,
सहा महिने. पैसे घेईनात.
मग भिंत आली. नऊ इंचांची.
ती त्यांच्यात की आमच्यात, यावर
दोन माणसं बोलायची थांबली, आणि मग दोन घरं.
ह्यांच्या तेराव्यालाही पलीकडून कुणी आलं नाही.

सेलोकरने खुरपं मागितलं. फावडं नको म्हणाला.
हातभर खाली विटा लागल्या,
आडव्या, एकीला एक चिकटून, वायरीवर पांघरल्यासारख्या.
"ज्यानं पुरली, त्यानं मन लावून पुरली."
विटा त्याने उचलल्या नाहीत. माती परत लोटली.

वर गच्चीवर निखारेबाई मूगवड्या घालत होत्या.
"काय निघालं?"
सतरा वर्षांनी दोन शब्द.
"तुमची वायर."
त्यांनी एक वडी घातली, दुसरी घातली.
"चालू हाये का अजून?"
म्हाताऱ्या माणसाबद्दल विचारावं तसं.
"आहे," म्हटलं.
"मंग जरा सरकवून खोदा."

खड्डा दीड हात सरकवला.
ड्रायव्हरने सव्वा तासाचे पैसे लावले, मी दिले.
लाल रांगोळी चपलेला लागून
स्वयंपाकघरापर्यंत आत आली.

रात्री हिशेबाला बसले:
चाळीसचा बल्ब, रोजचे चार तास,
अठ्ठावीस वर्षं—
पेन्सिल तिथेच ठेवली.
कितीदा तर तो दिवसाही चालू राहिलेला.