चौथा वॉशर

धुवायचा नाही, असं एलेउतेरियोनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं.
डिझेलात बुचकळलेला पिस्टन म्हणजे आंघोळ घातलेला मुडदा.
मग विचारत बसा, कशानं गेला.

म्हणून चारही काजळीसकट टेबलावर,
जुन्या वर्तमानपत्रावर, एक ते चार,
डोक्यावरचे बाण खिडकीकडे.
खिडकीत केयोनचं बंदर, ओहोटीनं उघडा पडलेला गाळ,
आणि कुशीवर कलंडलेल्या होड्या.

रोसाल्बा मान्सियाला स्टूल दिलं, ती बसली नाही.
तिची लाँच आठवडाभर दोराला बांधलेली,
शिंपल्यांच्या गोण्या दुसऱ्याच्या होडीतून जातायत.
तिला एक नाव हवंय.
खरं तर ते ती घरूनच घेऊन आलीय:
दारात टोपी पिळत उभा असलेला भाचा, बेलार्मिनो.
"भरल्या लाँचीला पूर्ण रेस देतो. यानंच जाळलं."

एलेउतेरियो उत्तर देत नाही. तिसरा उचलतो,
अंगठ्याचं नख स्कर्टवरून वरखाली फिरवतो,
जसं कुणी कापडाचं सूत बघावं.
पाणी कमी पडून तापला असता
तर चार ठिकाणी लायनरला घासून सोलला असता.
तेल आटलं असतं तर दोन्ही गाल खरवडलेले दिसले असते.
गारठ्यात सुरू व्हावं म्हणून कुणी इथर मारला असता
तर रिंगांमधल्या भिंती तुटून आल्या असत्या हातात.
स्कर्ट राखाडी, गुळगुळीत. रिंगा मोकळ्या.
फक्त माथ्यावर, वाटीच्या काठाला, एकाच अंगानं
उंदरानं साबण कुरतडावा तसं अ‍ॅल्युमिनियम गेलेलं,
आणि गेलेलं तिथंच खाली ओघळून थिजलेलं.

"रेस चौघांना सारखीच मिळते, बाई," तो म्हणाला.
"एकट्या तिसऱ्याला कोण देणार?"

तिसरा इंजेक्टर हातपंपावर लावला.
मला वाटलं, आता टपकेल, आणि विषय मिटेल.
धुकं बारीक आलं, चारी बाजूंना सारखं,
टोकाला थेंबसुद्धा नाही.

मग त्यानं बॅटरी मागितली.
हेडच्या भोकात वाकून बराच वेळ बघत राहिला,
तारेचा आकडा केला, घातला, फिरवला,
आणि एक काळी, चपटी कडी बाहेर आली.
आकड्यानं ओरखडलेल्या जागी तांबं चमकत होतं.

मला नोव्हेंबर आठवला.
नवे चार वॉशर मीच पाकिटातून काढले होते.
जुने तीन निघाले.
चौथा निघाला असणार, कुठंतरी घरंगळला असणार,
असं धरून मी नवा वर बसवला आणि जेवायला गेलो.
दीड मिलिमीटर उंच बसलेलं नोझल;
वाटीत पडायची धार वाटीच्या काठावर,
मिनिटाला हजार वेळा,
सबंध उन्हाळा.

एलेउतेरियोनं कडी तळहातावर घेतली.
माझ्याकडे बघितलं नाही. त्या न बघण्यातच
त्याला कळलं होतं, हे मला कळलं.
"माझ्या दुकानाचं काम," तो रोसाल्बाला म्हणाला.
"पिस्टन, लायनर, रिंगा माझ्याकडून. मजुरी नाही."
आणि दाराकडे, "टोपी घाल रे. थंडी आहे."

तिनं भाच्याची माफी मागितली नाही.
पिशवीतून बटाट्याच्या भाकरीचा पुडा काढला,
फडकं अजून गरम होतं,
आणि दुसरीकडे बघत त्याच्या हातात दिला.

संध्याकाळी मी तिसऱ्याची बैठक घासून साफ केली,
नंतर उरलेल्या तिघांचीही, कुणी न सांगता.
सोमवारी माझ्या जागेवर सार्डिनचा एक रिकामा डबा होता,
झाकण कापून कडा ठोकलेल्या.
कुणाचं इंजिन आलं की जुने वॉशर त्यात टाकतो.
टण. टण. टण.
मग थांबतो.
डबा वाजेपर्यंत
नव्या पाकिटाला हात लावत नाही.