खण सत्तेचाळीस

मे महिना, बडोदा, प्राणिशास्त्राचं तळघर.
बाहेर त्रेचाळीस. कूलर कोरडा.
रणछोडभाई म्हणाला, ‘टांकी खाली छे, बेन,’
आणि पुन्हा पेंगला.

मी खण ओढला.
डांबरगोळ्यांचा वास, पिवळा कापूस,
आणि मुठीत मावेल एवढी ती :
शेपूट नाही, कान बाहुलीच्या बशीएवढे,
पोटावर घाईची शिवण.
पायाला चिठ्ठी, शाई तपकिरी :
‘मादी. चौदा हजार फूट. खडकांत.
तोंडात गवत होतं.’

कोणी लिहिलं, ठाऊक नाही.
पण त्यानं गवत टाकलं नाही.
शिवतानाही दातांत राहू दिलं :
तीन काड्या, एक वाळकं फूल.

मला नव्या पाट्या लिहायच्यात, गुजरातीत, मराठीत.
इंग्रजीत ही पिका.
मराठीत पिका म्हटलं
की उभ्या शेताला हाक मारल्यासारखं होतं.
ससा म्हणावं तर कान अपुरे,
उंदीर म्हणावं तर रागावेल.

वाचलं होतं : ही हिवाळाभर झोपत नाही.
म्हणून भादव्यातच गवत कापते,
खडकावर पसरते,
पाऊस दिसला की ओढून आत नेते.
कडू पानंही साठवते, ती टिकतात म्हणून.
ती खाते सगळ्यात शेवटी,
कडवटपणा उतरल्यावर.

दांडिया बाजारातल्या गच्चीवर
माझी वच्छीआत्या, शेजारणींची फोई,
पहाटे चारला कुरडया घालायची,
काठीला काळं फडकं बांधून
दिवसभर कावळे हाकायची.
‘एकटीला लागतं किती?’ लोक विचारत.
ती आभाळाकडे बघे.
गेली तेव्हा सात डबे निघाले.
दोन वर्षं आम्ही तळत होतो,
रणछोडभाईसुद्धा पिशवी भरून घेऊन गेला.

हिला पंचवीस अंशांपुढे सोसत नाही,
हेही त्याच पुस्तकात.
आणि ही इथे, विश्वामित्रीकाठी,
किती उन्हाळे कोण जाणे,
घास न गिळता.

नावाची जागा मी मोकळी सोडली.
खाली लिहिलं : ‘वाळवण घालते.’
‘घालत असे’ करावं का,
पेन धरून बसले.

रणछोडभाई उठला, चष्मा शोधला,
पाटी लांब धरून वाचली.
‘कोण,’ म्हणाला, ‘फोई?’